निझवाचे परसदार

मस्कतहून निझवाला जाणारा १५ नंबरचा महामार्ग साधारण १६० किलोमीटरचा आहे. समुद्र मागे पडला की सुमाइलच्या खिंडीतून रस्ता आत शिरतो आणि दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहतात. आमच्या सह्याद्रीसारखे हे डोंगर नाहीत. गवताची काडी नाही, झुडूप नाही, नुसता तापलेला, तपकिरी-काळा दगड. २०१७ च्या ऑक्टोबरात सामानसुमान घेऊन आम्ही या रस्त्याने पहिल्यांदा गेलो, तेव्हा आमच्या मुलीने गाडीतच विचारले होते, "इथली माणसे खातात तरी काय?"

निझवाच्या थोडे अलीकडे बिरकत अल मौझ नावाचे गाव लागते. नावाचा अर्थ केळींचे तळे. डोंगराच्या पायथ्याशी एकदम दाट हिरवा पट्टा दिसतो. उंच खजुरीची झाडे, त्यांच्याखाली लिंबू आणि केळी, आणि अगदी जमिनीवर पोपटी रंगाचा चारा. मधून दगडी पाटाने स्वच्छ पाणी खळाळत चाललेले. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे समोरच होते. पण ते नीट वाचायला आम्हाला एक उन्हाळा आणि चार मुक्या जीवांचा बळी द्यावा लागला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

अम्मींच्या कोंबड्या

निझवात आम्हाला गावाच्या कडेला भाड्याचे घर मिळाले. भोवती उंच कुंपणभिंत आणि मागे मोकळी जागा. परसदार म्हणावे एवढी. पण परसदार म्हणजे नुसता मुरूम आणि वाळू. भिंतीला लागून एक पत्र्याची शेड होती.

२०१८ च्या सुरुवातीला गावी अब्बांचा इंतकाल झाला. दापोलीकडच्या त्या मोठ्या घरात अम्मींना एकटे ठेवणे शक्य नव्हते. आम्ही त्यांना इकडे आणले. इथे त्यांना सगळे काही होते, आणि करायला काहीच नव्हते. फजरनंतर त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसत आणि त्या मुरमाकडे पाहत राहत. एके दिवशी म्हणाल्या, "कोंबडे आरवत नाही ते कसले गो गाव?"

घरमालकाला विचारले. भला माणूस, म्हणाला, खुशाल पाळा. शुक्रवारी सकाळी निझवाच्या किल्ल्याजवळ शेळ्यांचा बाजार भरतो. मालक आपापली जनावरे गोल फिरवतात आणि मध्ये व कडेला उभे असलेले लोक बोली लावतात. तो पाहायला गेलो असताना एका शेतकऱ्याची ओळख झाली आणि त्याच्याकडून आम्ही सहा तलंगा आणल्या. अम्मींचा चेहरा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी उजळला. कणी, कोंडा, भाजीची देठे, सगळे त्यांच्याकडे जाऊ लागले. पत्र्याच्या शेडीला जाळी मारून आम्ही खुराडे केले. मार्चअखेर पहिले अंडे मिळाले. ते त्यांनी कोणाला खाऊ दिले नाही, शेजारी पाठवले. पहिली वस्तू शेजाऱ्याची, ही आमच्या गावची रीत.

कोकणात कोंबडी कशी पाळायची हे कोणी कोणाला शिकवत नाही. सकाळी खुराड्याचे दार उघडायचे, संध्याकाळी लावायचे. मधल्या वेळेत फणस, आंबा, करवंदीची जाळी आणि ओली जमीन कोंबडीला सांभाळतात. आम्हाला वाटे कोंबडी आपण सांभाळतो. खरे तर आमचे अर्धे काम तिथली झाडे आणि माती करत होती, आणि ते आम्हाला कधी दिसलेच नव्हते.

जूनमधली ती दुपार

त्या वर्षी रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला आणि ईद जूनच्या मध्यावर आली. रोजे कडक गेले. ईदनंतर ऊन आणखी चढले. २६ जून २०१८ रोजी ओमानच्या किनाऱ्यावरील कुरियात गावी चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. म्हणजे रात्रीचा सर्वांत थंड क्षणसुद्धा ४२.६! ही बातमी जगभर गाजली.

त्याच आठवड्यात आम्ही एका पाहुण्यांना आणायला सकाळी मस्कतच्या विमानतळावर गेलो. अम्मीही सोबत आल्या. निघताना पाण्याचे प्लास्टिकचे भांडे काठोकाठ भरले, दाणे भरपूर टाकले, आणि कोल्ह्या-मांजराची भीती नको म्हणून शेडीचे दार लावून घेतले. विमान उशिरा आले. परतलो तेव्हा असरची जमात होऊन गेली होती.

सहापैकी चार कोंबड्या मरून पडल्या होत्या. पंख शरीरापासून दूर पसरलेले, चोची उघड्या. दोन कोपऱ्यात धापा टाकत होत्या. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. भांड्यात पाणी होते, पण ते चहासारखे गरम. सकाळची सावली दहा वाजताच सरकली होती आणि पश्चिमेच्या भिंतीने दुपारभर पिऊन घेतलेली उष्णता ती आता आत सोडत होती.

दोष कोणाला द्यायचा? पाणी होते, दाणे होते, दार लावले होते. आमच्या गावच्या हिशेबाने सगळे बरोबर होते. अम्मी काही बोलल्या नाहीत. वाचलेल्या दोघींचे पाय आणि तुरे त्यांनी साध्या पाण्याने भिजवले, त्यांना घरात गार फरशीवर ठेवले. मग मगरिबनंतर एवढेच म्हणाल्या, "अमानत होती. सांभाळता येत नाही तर घ्यायची नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावी परत जायचा विषय काढला. आम्हाला ठाऊक होते की हे बोलणे नुसत्या कोंबड्यांवरचे नाही.

खालाची बाग

शेजारी एक वयस्क ओमानी बाई राहत. अरबीत मावशीला खाला म्हणतात आणि आपल्याकडेही खालाच, म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांना खालाच म्हणू लागलो. त्यांना उर्दू येत नव्हती, अम्मींना अरबी येत नव्हती. त्यांची सून मोडक्या इंग्रजीत बोले, आमची मुलगी शाळेत शिकलेल्या अरबीत. एवढ्यावर चौघींचे छान चाले.

अंडी यायची थांबली म्हणून खालांनी चौकशी केली. घडलेले कळल्यावर त्या "इन्ना लिल्लाहि" म्हणाल्या, अम्मींचा हात धरला आणि दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्हा सर्वांना आपल्या खजुरीच्या बागेत घेऊन गेल्या.

बागेच्या फाटकाबाहेर त्या वाकल्या आणि अम्मींचा तळहात उघड्या वाळूवर टेकवला. अम्मींनी तो लगेच मागे घेतला. मग दहा पावले आत जाऊन, खजुरीखालच्या हिरव्या चाऱ्यात तोच हात पानांखाली मातीवर ठेवायला लावला. माती गार होती, जरा दमटही. अम्मी हात काढीनात.

खालांच्या सहा-सात कोंबड्या तिथेच होत्या. चाऱ्याच्या कडेला मातीत खळगे करून, पानांखाली पोट टेकून बसलेल्या. चोची मिटलेल्या. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना!

खाला जे बोलल्या ते सुनेने आणि आमच्या मुलीने मिळून आम्हाला सांगितले. ते असे: तुम्ही आधी कोंबडी आणली आणि मग सावली शोधत बसलात. आधी जमीन झाका. जमीन झाकली की कोंबडीचे निम्मे काम झाले.

आम्ही शहाणपणाने सांगितले की शेडीला छप्पर तर होते. त्यावर खाला हसल्या. वरून सावली आणि खालून तवा, असे घर काय कामाचे?

यातले तथ्य नंतर वाचून आम्हाला पटले. उन्हात उघडी वाळू ६० अंशांच्याही वर तापते. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. ती उष्णता बाहेर टाकते ती धाप लावून, पंख पसरून, आणि तुरा, गलोल, पाय अशा उघड्या अंगांवाटे. गार जमिनीवर पोट टेकले की उष्णता मातीत जाते. जमीनच तिच्याहून गरम असेल तर तिला जायला जागाच नाही. उलट पाने स्वतः पाणी बाहेर सोडतात, त्याने भोवतीची हवा गार राहते, आणि वाळूवरून परतणारी उन्हाची झळही उठत नाही.

फलजचे पाणी

खालांच्या बागेला पाणी येते ते फलजचे. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातले पाणी, पंपाशिवाय, केवळ उताराने गावात आणणारा पाट. काही फलज कित्येक किलोमीटर जमिनीखालून येतात. ओमानमध्ये असे सुमारे तीन हजार फलज आजही वाहते आहेत आणि त्यांतील पाचांचा २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. निझवाचा फलज दारिस आणि बिरकत अल मौझचा फलज अल खतमीन हे त्या पाचांपैकी. जमिनीखालून येणाऱ्या फलजला इथे दाऊदी म्हणतात. लोककथा अशी की हजरत सुलैमान बिन दाऊद (अलैहिस्सलाम) इथे आले आणि त्यांच्या हुकुमाने जिन्नांनी हे पाट खोदले.

आपल्याला हे अगदीच परके नाही. औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आणलेली नहर याच जातीची. जमिनीखालून, उताराने शहरापर्यंत आलेली. पाणचक्की पाहिलेल्या वाचकांना चटकन कल्पना येईल.

फलजची खरी गंमत वाटणीत आहे. पाणी गावात शिरते तिथे आधी पिण्याचे पाणी भरायची जागा. त्याखाली मशीद आणि वुजू, मग अंघोळ-धुण्याच्या जागा. त्यानंतर खजुरीच्या बागा आणि सर्वांत शेवटी हंगामी पिकांची जमीन. पाणी कमी झाले तर आधी शेवटची जमीन सोडून देतात. खजुरी आणि माणूस वाचतो. बागेच्या पाण्याच्या पाळ्या वेळेवर मोजतात. अर्ध्या तासाच्या आसपासच्या एका पाळीला 'अथर' म्हणतात. पूर्वी ही पाळी दिवसा रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत. आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आले आहे.

त्या संध्याकाळी अम्मी बराच वेळ पाटाच्या कडेला बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "ही तर आमच्या बांधावरची." पाटाच्या ओल्या दगडांत जमिनीला चिकटून एक वेल पसरली होती. बारीक पाने, पिंपळीएवढी इवलीशी पांढुरकी-जांभळट फुले. जलपिंपळी! आमच्याकडे भातखाचरांच्या बांधावर ती मुबलक असते. थोडे पुढे घोळही दिसली, आपण भाजी करतो ती. खाला तिला 'रिजला' म्हणाल्या. अरबस्तानच्या डोंगरात अम्मींना ओळखीची दोन माणसे भेटावीत तसे झाले. जलपिंपळीच्या चार काड्या त्यांनी खालांना विचारून ओल्या फडक्यात बांधून घेतल्या. त्यानंतर गावी जायचा विषय काही दिवस निघाला नाही.

वुजूचे पाणी

प्रश्न पाण्याचा होता. आमच्याकडे फलज नव्हता, नळ होता. आणि ओमानमध्ये पाणी उधळणे म्हणजे काय होते याचे उदाहरण बातिना किनाऱ्यावर डोळ्यांसमोर आहे. तिथे पंपांनी भूजल इतके उपसले गेले की समुद्राचे खारे पाणी आत शिरले आणि कित्येक बागा त्यात गेल्या. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण असलेल्या घरात कोंबड्यांच्या हौसेसाठी हिरवळ भिजवत बसणे मनाला पटेना.

उपाय मुलीने सुचवला. फलजचे पाणी मशिदीत वुजू झाल्यावर बागेत जाते, तर आपल्या वुजूचे पाणी गटारात का जाते? मागच्या दाराशी नळ होताच. आम्ही तिथे एक ओटा केला आणि त्यापासून भिंतीपर्यंत विटांचा छोटा पाट काढला. पाच माणसांचा पाच वेळचा वुजू त्या पाटाने वाहू लागला. या पाण्यात साबण नाही, तेल नाही, मीठ नाही. स्वयंपाकघराचे पाणी आम्ही मुद्दाम घेतले नाही. त्यातले मीठ आणि चिकटपणा अशा जमिनीला बाधतो.

पाण्याकडे बघायची सवयही बदलली. नळ मोकळा सोडला तर बादलीभर पाणी जाते. तांब्याने वुजू केला तर दोन तांब्यांत भागते. मग वाफ्याला पाणी कमी पडते म्हणून मुलगा मुद्दाम नळ मोठा सोडू लागला. अम्मींनी त्याला दटावले, "झाडाचे नाव सांगून इसराफ करायचा नाही." कमी पडेल तेवढे पाणी भाजी-तांदूळ धुतल्याचे घालायचे, असे ठरले.

ऑक्टोबरात ऊन उतरल्यावर आम्ही लागवड केली. साधारण दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद असा एकच वाफा. मोठा केला नाही, कारण पाणी तेवढेच होते. मुरमात शेळीचे कुजलेले खत मिसळले. मध्ये लसूणघास पेरला. खालांच्या बागेतला तो हिरवा चारा म्हणजे हाच. इथे त्याला 'कत्त' म्हणतात. मुळांवरच्या गाठींमुळे तो हवेतले नत्र जमिनीला देतो, आणि एकदा लागला की तीन-चार आठवड्यांनी कापत राहायचे, पुन्हा फुटतो. कडेने घोळ, पाटाच्या तोंडाशी जलपिंपळी आणि भिंतीला लागून रताळ्याचे वेल. रताळ्याचा वेल इथल्या उन्हात उत्तम पसरतो आणि कोंबड्या त्याची पाने आवडीने खातात.

वाचलेल्या दोन कोंबड्यांनी चौथ्याच दिवशी अर्धा वाफा उकरून टाकला. कोवळ्या रोपांवर कोंबडी सोडणे म्हणजे लागवड संपवणे, हा दुसरा धडा. मग जाळी लावून दोन महिने त्यांना बाहेर ठेवले. त्यानंतर विटांवर वीतभर उंचीवर आडवी लोखंडी जाळी ठेवली. जाळीतून वर येणारा शेंडा कोंबडीने खावा, पण मुळाशी तिचा पंजा पोहोचू नये. त्यांना बसायला आणि मातीत लोळायला जाळीच्या कडेने दोन हातांचा पट्टा मोकळा सोडला. त्यावर रताळ्याचे वेल झुकले होते.

पत्र्याची शेड आम्ही मोडली. तिच्या जागी चार खांब, वर खजुरीच्या झावळ्यांचे जाड छप्पर आणि चारी बाजूंनी नुसती जाळी. कोल्ह्याने खालून उकरू नये म्हणून जाळी हातभर जमिनीत पुरली. भिंतीपासून खुराडे चार पावले पुढे घेतले. हिवाळ्यात खालांकडची एक खुडूक कोंबडी आणि अंडी आणून अम्मींनी सात पिल्ले काढली. इथे पिल्ले काढायची ती हिवाळ्यातच, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत ती अंगाने भरतात.

दुसरा उन्हाळा

२०१९ चा उन्हाळा आला तेव्हा मनात धाकधूक होती. मेमध्ये रमजान होता. सहरीला उठलो की कोंबड्यांचे पहिले दाणे तेव्हाच टाकायचे, दुसरे इफ्तारीनंतर. दुपारी दाणे नाहीत. अन्न पचताना शरीरात उष्णता तयार होते, म्हणून भर उन्हात पोट हलके असलेले बरे. म्हणजे दिवसा आमच्यासारखेच त्यांचेही जेवण बंद. मुलांना याची फार मौज वाटे. फरक एवढाच की पाणी मात्र त्यांना सतत हवे. उन्हात कोंबडी एरवीच्या दुपटीहून अधिक पाणी पिते.

प्लास्टिकचे भांडे आम्ही टाकून दिले होते. मातीची पसरट परळे सावलीत, अर्धी जमिनीत पुरून ठेवली. दुपारी एकदा आणि असरला एकदा पाणी बदलायचे. ते काम मुलांचे. दुपारी खुराड्याच्या कडेची जमीन जरा शिंपडायची. कोरड्या हवेत ओलावा उडून जाताना गारवा देतो. ही युक्ती निझवात चालते. मस्कतच्या किनाऱ्यावर दमट दिवसांत चालत नाही. तिथे हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते, म्हणून वारा खेळता ठेवणे, गरज पडल्यास पंखा लावणे, हाच उपाय. आपल्या कोकणातही मे महिन्यात हेच लक्षात ठेवावे. मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या उन्हात मात्र ओली जमीन आणि मातीचे भांडे नक्की कामाला येईल.

जुलैत अंडी कमी झाली आणि जी आली त्यांची कवचे पातळ. धाप लागली की कोंबडीच्या रक्तातला कर्बवायू अधिक बाहेर जातो आणि कवच बनायला लागणारा माल कमी पडतो. शिंपल्यांचा चुरा ठेवला, थोडा फरक पडला. आम्ही काळजीने खालांना विचारले. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात कोंबडीकडे अंडे मागू नका. ती जगली एवढे खूप झाले, अंडे हिवाळ्यात देईल.

तसेच झाले. त्या उन्हाळ्यात उष्णतेने आमची एकही कोंबडी गेली नाही, अल्हम्दुलिल्लाह. एक पिल्लू मांजराने नेले, ती चूक दार उघडे राहिल्याची. दुपारी दोनला आम्ही खिडकीतून पाहायचो. रताळ्याच्या पानांखाली नऊ-दहा पाठी ओळीने टेकलेल्या, मातीत रुतलेल्या. अम्मी मोजायच्या. दिवसातून तीन वेळा मोजायच्या. नोव्हेंबरात अंडी पुन्हा सुरू झाली, तेव्हा बलकाचा रंग केशरी होता. हिरव्या चाऱ्याने असे होते हे आम्हाला नंतर कळले. अम्मींना ते माहीत होते, म्हणाल्या, "आता गावचे अंडे झाले."

सगळेच जमले असे नाही. लसूणघास पाणी फार पितो. दुसऱ्या वर्षी आम्ही तो निम्मा केला आणि तिथे जलपिंपळी पसरू दिली. ती प्रत्येक पेरावर मूळ धरते, कमी पाण्यात तग धरते आणि तुडवलेली सहन करते. मातीवर मीठ फुलायचे, म्हणून महिन्यातून एकदा वाफा भरपूर भिजवून मीठ खाली बसवावे लागे. घोळ मात्र स्वतःच स्वतःला पेरत राहिली. तिची भाजी आम्ही खाल्ली, शेजारी दिली, कोंबड्यांनी खाल्ली.

कोणाला असे करायचे असेल तर एक सूचना. आखातात शहरी वस्तीत कोंबड्या ठेवण्याबाबत नगरपालिकेचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. घरमालकाला आणि नगरपालिकेला आधी विचारून घ्यावे. आणि कोंबडा ठेवायचा तर शेजाऱ्यालाही विचारावे. पहाटेची बांग सर्वांनाच गोड लागते असे नाही.

भाड्याची जमीन

अम्मी २०२० च्या जानेवारीत गावी गेल्या. घर बंद राहून पडवी खचली होती, तेवढे करून परत येते म्हणाल्या. मार्चमध्ये विमाने थांबली. पुढची दोन वर्षे त्या तिकडे, आम्ही इकडे. रोज फोन यायचा. सलाम-दुवा झाली की पहिला प्रश्न, "सावली आली का?" कोंबड्या बऱ्या आहेत का असे त्या विचारत नसत. सावली असली की बाकीचे असते, हे त्यांना कळले होते.

आमचे काम संपले आणि २०२२ मध्ये निझवा सोडायची वेळ आली. घर भाड्याचे होते. कोंबड्या खालांच्या सुनेकडे दिल्या. वाफ्याचे काय करायचे हा प्रश्न राहिला. कोणी म्हणाले, उपटून जागा होती तशी करून द्या. घरमालक आला, पाहून गेला, आणि म्हणाला, राहू दे.

जो कोणी झाड लावतो आणि त्यातून माणूस, पाखरू किंवा जनावर काही खाते, त्याचे पुण्य लावणाऱ्याला मिळत राहते, ही शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. आम्हाला तेव्हा आंब्या-नारळाची झाडे डोळ्यांपुढे यायची. दहा फुटांचा, घोट्याएवढ्या उंचीचा एक वाफाही त्यात येत असेल, असे निझवात वाटू लागले. पाखरे तर त्यावर रोज उतरत होती.

शेवटच्या पहाटे आम्ही फजरचा वुजू त्याच ओट्यावर केला. तांब्याने, दोन तांब्यांत. पाणी विटांच्या पाटाने गेले आणि पानांखाली शिरले. अंधारात दिसत नव्हते, पण आवाज येत होता. मुलीने फोन काढून तो आवाज अम्मींना पाठवला. निघताना गाडीत बसलो तर त्यांचे उत्तर आलेले होते: "पाटाच्या तोंडाची जलपिंपळी काडीभर आणा. इकडची पडवीच्या कामात गेली."

आम्ही परत फिरलो आणि ओल्या फडक्यात काडी बांधून घेतली. पण विमानतळावर विचारपूस केली, तेव्हा माती लागलेले रोप परवान्याशिवाय नेता येत नाही असे कळले. ती काडी आम्ही मस्कतच्या एका मित्राच्या कुंडीत लावून दिली. अम्मींना सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "असू दे. तिकडे गरज जास्त आहे."